फाशीविना कायदा

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सहा माणसांना निर्दोष सोडले. सहाही जण जालना जिल्ह्यातल्या भोकरदन भागातले, भटक्या जमातीतले, मिळेल ती मोलमजुरी करून पोट भरणारे. त्याच न्यायालयाने दहा वर्षांपूर्वी, ३० एप्रिल २००९ रोजी, या सहाही जणांच्या नावावर फाशी कायम केली होती. शिक्षा जास्त झाली म्हणून ती कमी केली, असे या वेळी घडले नाही. गुन्हा यांनी केल्याचे सिद्धच झालेले नाही, असे न्यायालयाने सांगितले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घ्यायला सांगितले.

फाशीची शिक्षा रद्द करण्याचा इतिहास सांगायला बसले की बोट आपोआप युरोपच्या नकाशाकडे जाते. या पुस्तकाच्या पुढच्या पानांत तो नकाशा येणारच आहे. पोर्तुगालसारख्या छोट्या देशाने दीडशे वर्षांपूर्वी काय केले, ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पण जालन्यात बसून हे वाचणाऱ्याने आधी भोकरदनची गोष्ट नीट समजून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. फाशी असावी की नसावी या वादातले जवळजवळ सगळे प्रश्न त्या एका खटल्याच्या कागदांत सापडतात.

गुन्हा घडला नाशिक जिल्ह्यात, जून २००३ मधल्या एका रात्री. पेरूच्या बागेची राखण करणारे एक कुटुंब बागेतल्याच झोपडीत राहत होते. दरोडेखोर आत शिरले, पैसे आणि दागिने घेतले, मारहाण केली, स्त्रियांवर अत्याचार केले. पाच जणांचे प्राण गेले. त्यांत पंधरा वर्षांची एक मुलगी होती. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. या गुन्ह्याचे क्रौर्य कोणत्याही शब्दांनी कमी होत नाही आणि पुढे जे लिहिले आहे ते कमी करण्यासाठी लिहिलेले नाही.

घटनेला दोन दिवस होतात न होतात तोच पोलिसांनी त्या आईला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिने त्यातले चार चेहरे ओळखले. डोळ्यांदेखत घर उद्ध्वस्त झालेल्या बाईची ती पहिली, ताजी ओळख होती. कुठल्याही तपासाची वाट इथून सरळ निघायला हवी होती: हे चौघे कोण, त्या रात्री कुठे होते, आता कुठे आहेत. त्या चौघांचा माग काढला गेला नाही. काही आठवड्यांनी अटक झाली ती भोकरदनच्या सहा जणांना. मग ओळखपरेड झाली, कोर्टात साक्षी झाल्या, आणि बोट या सहा जणांकडे गेले. अल्बममधल्या चार चेहऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न खटल्याच्या कागदांत पडून राहिला.

२००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ज्यांना फाशी होती ते अपिलात गेले आणि ज्यांना जन्मठेप झाली त्यांनाही फाशीच द्या म्हणून राज्य सरकारही अपिलात गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले. सत्र न्यायालयात एक, उच्च न्यायालयात दोन, सर्वोच्च न्यायालयात दोन, असे पाच न्यायाधीश. शिक्षेबद्दल त्यांच्यात मतभेद झाले, पण हेच गुन्हेगार आहेत याबद्दल पाचांपैकी एकालाही शंका आली नाही. फाशीचे समर्थन करताना आपण नेहमी म्हणतो की आपल्याकडे इतक्या चाळण्या आहेत, वरच्या कोर्टात चूक सापडतेच. इथे शेवटच्या चाळणीत शिक्षा उलट वाढली.

सहा जणांतला एक गुन्हा घडला तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हता. अल्पवयीनाला फाशी देता येत नाही, हे आपल्या कायद्यात लख्ख लिहिलेले आहे. पण वयाचा दाखला कोण शोधणार? शाळेशी ज्यांचा संबंध जेमतेम, घराचा पत्ता हंगामागणिक बदलणारा, त्या कुटुंबाकडून कागद कोण मागणार आणि कोण आणून देणार? तो अल्पवयीन होता हे ठरेपर्यंत त्याची बरीच वर्षे फाशीची शिक्षा झालेला कैदी म्हणून गेली होती.

२०१९ च्या निकालपत्रात एक निरीक्षण आहे. आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळच्या थरातले, अतिशय गरीब मजूर आहेत. गंभीर गुन्ह्यांत कधीकधी निर्दोष माणसांना गोवले जाते, त्यामुळे यांना खोटे गुंतवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाचे. मराठवाड्यात वाढलेल्या कोणालाही यात नवे काही वाटणार नाही. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये कागदावर मुक्त झाल्या, पण गावाबाहेर पाल पडले की पहिली चौकशी त्यांचीच होते. दरोडा पडला, पोलिसांवर दबाव आला, की गाडी कोणत्या वस्तीकडे वळते हे आपण सगळे जाणतो. हे जाणूनही आपण त्याच यंत्रणेच्या हाती माणसाचा जीव घेण्याचा अधिकार निर्धास्तपणे ठेवतो.

आणि त्या आईचे काय? सोळा वर्षांनी तिला समजले की ज्यांना फाशी व्हायची होती ते गुन्हेगार म्हणून सिद्धच झालेले नाहीत. खऱ्या गुन्हेगारांचा माग तोवर पुसला गेला होता. फाशीची मागणी नेहमी पीडितांच्या नावाने होते. या खटल्यात फाशीच्या तीन निकालांनी पीडित कुटुंबाच्या पदरात काही टाकले नाही. उलट गुन्हा उलगडला असे सगळ्यांना वाटत राहिल्यामुळे खऱ्यांचा शोधच थांबला. मला हा या प्रकरणातला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग वाटतो.

हे सहा जण वाचले कशामुळे? त्यांना फाशी देण्याची वेळ येईपर्यंत उशीर झाला, म्हणून. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद आरिफ खटल्यात ठरवले की फाशीच्या प्रकरणातली फेरविचार याचिका यापुढे न्यायमूर्तींच्या दालनात कागद पाहून निकाली काढायची नाही. ती तीन न्यायमूर्तींपुढे, उघड्या न्यायालयात, वकिलाचे म्हणणे ऐकून ठरवायची. ज्यांची याचिका आधीच फेटाळली गेली होती पण फाशी झालेली नव्हती, त्यांनाही पुन्हा दार ठोठावण्याची मुभा मिळाली. त्या दारातून भोकरदनचा खटला परत आत आला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने २००९ चा आपला निकाल मागे घेतला, अपिले नव्याने ऐकली, आणि मग अल्बममधल्या त्या चार चेहऱ्यांकडे कोणीतरी पहिल्यांदा नीट पाहिले. २००९ नंतर दोनतीन वर्षांत कार्यक्षमता दाखवून फाशी उरकली असती, तर २०१४ चा नियम त्यांच्या काहीच कामाचा नव्हता.

आता पोर्तुगालकडे वळू. आपल्याला तो देश दूरचा वाटतो, पण तिथला हा कायदा कोकणच्या सीमेला लागून नांदत होता.

पोर्तुगालने १८५२ मध्ये राजकीय गुन्ह्यांसाठी फाशी बंद केली आणि १ जुलै १८६७ च्या कायद्याने खुनासह सगळ्या सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी. राजा लुईश पहिला गादीवर होता आणि न्यायमंत्री होते बारझोना द फ्रैताश. देशाची लोकसंख्या तेव्हा चाळीस लाखांच्या आसपास, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्याच्या साधारण दुप्पट. तो काही फार श्रीमंत किंवा फार शिकलेला देश नव्हता. पण कायदा होण्यापूर्वी तिथे एक गोष्ट घडली होती: सर्वसाधारण गुन्ह्यासाठी शेवटची फाशी १८४६ मध्ये झाली, आणि त्यानंतरची वीस वर्षे शिक्षा सुनावल्या जात, पण राजाकडून माफी मिळे. वीस वर्षे फाशीचा खांब रिकामा राहिला आणि राज्य बुडाले नाही. संसदेत कायदा आला तेव्हा सदस्यांपुढे तत्त्वज्ञानाबरोबर हा अनुभवही होता. त्याच कायद्याने जन्मभराच्या कैदेसाठी नवी तुरुंगव्यवस्था उभी करायची ठरवली. फाशी काढून तिथे पोकळी सोडली नाही. व्हिक्टर ह्यूगोने पत्र लिहून पोर्तुगालचे अभिनंदन केले होते.

१८७० मध्ये ही बंदी पोर्तुगालच्या समुद्रापारच्या प्रदेशांनाही लागू झाली. त्यात गोवा होता. ज्या पणजीत १७८८ मध्ये पिंटोंच्या उठावातल्या पंधरा जणांना अत्यंत क्रूर रीतीने मारले गेले, त्याच पणजीत पुढच्या शतकात फाशी कायद्यातून गेली. सावंतवाडीत खुनाला फाशी होती आणि तेरेखोल नदी ओलांडली की नव्हती. नदीच्या दोन्ही काठांवर तीच माणसे, तीच भाषा, तसेच जमिनीचे तंटे. पोर्तुगीज राजवटीला चांगुलपणाचे प्रमाणपत्र देण्याचा माझा हेतू नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारे सैनिक त्याच राजवटीचे होते. गोवा मुक्तिलढ्यातल्या मोहन रानडे यांना तिने सव्वीस वर्षांची शिक्षा ठोठावली, पोर्तुगालच्या तुरुंगात नेऊन ठेवले, आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९ मध्ये सोडले. पण रानडे परत आले. फाशी नसलेल्या कायद्याने शिक्षा झालेला माणूस परत येऊ शकतो, एवढीच गोष्ट मला इथे नोंदवायची आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर भारतीय दंड संहिता तिथे लागू झाली. तिच्याबरोबर कलम ३०२ आले, आणि कलम ३०२ बरोबर फाशी. नव्वद वर्षे फाशीविना राहिलेल्या मुलखात ती स्वातंत्र्याच्या वाटेने परत आली. त्रावणकोर संस्थानातही तसेच घडले: तिथल्या महाराजांनी १९४४ मध्ये फाशी रद्द केली होती, विलीनीकरणानंतर भारताचा कायदा लागू झाला आणि ती पुन्हा आली. आपल्या देशाच्या दोन तुकड्यांनी फाशी सोडून पाहिली होती. त्यांचा अनुभव देशाने घ्यायचा की देशाचा कायदा त्यांना लावायचा, हा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसत नाही. एकसारखेपणाच्या ओघात तो वाहून गेला.

इतर छोट्या देशांचा इतिहास पुढे सविस्तर यायचा आहे, म्हणून इथे नुसता उल्लेख. टस्कनीने १७८६ मध्ये सगळ्यांच्या आधी फाशी रद्द केली आणि चार वर्षांत काही गुन्ह्यांसाठी परतही आणली. सान मारिनोने १८६५ मध्ये, व्हेनेझुएलाने १८६३ मध्ये, कोस्टा रिकाने १८७७ मध्ये ती कायमची सोडली. आपल्या शेजारी नेपाळच्या १९९० च्या राज्यघटनेने फाशीला जागा ठेवली नाही आणि भूतानने ती २००४ मध्ये काढून टाकली. पोर्तुगालनेही पहिल्या महायुद्धात लष्करी गुन्ह्यांसाठी ती परत आणली, १९१७ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर एका सैनिकाला गोळ्या घातल्या, आणि सर्वच गुन्ह्यांसाठी ती १९७६ च्या राज्यघटनेने संपवली. एकदा रद्द झालेली फाशी परत येऊ शकते, हे या इतिहासात वारंवार दिसते.

छोट्या देशांना हे आधी का जमले याची उत्तरे अभ्यासक वेगवेगळी देतात. मला एक कारण महत्त्वाचे वाटते. छोट्या राज्यात फाशीची फाइल शेवटी ज्याच्या टेबलावर येते त्याला तो माणूस कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, हे विचारता येते, आणि उत्तर मिळतेही. नाशिकच्या कोर्टात भोकरदनच्या सहा जणांबद्दल असे सांगणारे कोण होते? कागदावर एकच आडनाव आणि त्यापुढे आरोपी क्रमांक, यापलीकडे दिल्लीपर्यंत काय पोहोचले असेल?

भारताला हा विचार परका नव्हता, हे ठासून सांगायला हवे. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्याच वर्षी २३ मार्चला लाहोरमध्ये भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू गेले. त्यानंतर काही दिवसांतच कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि मूलभूत हक्कांच्या ठरावात, उद्याच्या भारतात फाशीची शिक्षा असणार नाही, असे कलम आले. ते दुःखाच्या भरात आले असेल, पण लिहिले गेले. पुढे घटना समितीत १९४८ मध्ये झेड. एच. लारी यांनी फाशी रद्द करण्याची दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. ३ जून १९४९ रोजी, फाशीच्या प्रत्येक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे का, अशी चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपले मत सांगितले: या वादाच्या मुळाशी असलेली फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे, अहिंसेला नैतिक आदेश मानणाऱ्या देशाने तेच करणे योग्य. घटनेत ते आले नाही. बाबासाहेबांची कितीतरी वाक्ये आपल्याला पाठ आहेत, हे मत मात्र क्वचितच कोणी सांगताना ऐकू येते.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि औरंगाबाद हैदराबाद संस्थानात. पोलीस कारवाईनंतर खास न्यायाधिकरणांनी तेलंगणातल्या बारा शेतकरी कार्यकर्त्यांना फाशी सुनावली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही, पण देशोदेशींच्या दबावामुळे त्यांच्या शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलल्या. आपण ज्या राज्याचे रहिवासी होतो तिथेही बारा माणसे वेळ मिळाला म्हणून जगली.

स्वतंत्र भारताचा कायदा हळूहळू फाशीपासून दूर सरकत गेला, हेही खरे. १९५५ पर्यंत खुनाला फाशी दिली नाही तर न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. मग ती अट गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उलट केले: फाशी द्यायची तर खास कारणे लिहा. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी फाशी घटनेत बसते असे म्हटले, पण फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करून. न्यायमूर्ती भगवती एकटे विरोधात राहिले; फाशी कोणाला होईल हे न्यायपीठावर कोण बसले आहे यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते.

ते म्हणणे किती खरे, हे पुढे दिसले. १९९५ च्या रावजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी लिहिले की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप पाहायचे, गुन्हेगाराचे नाही. हे पाच न्यायमूर्तींच्या निकालाच्या थेट विरुद्ध होते, तरी पुढे अनेक निकालांनी तोच दाखला घेतला. भोकरदनच्या सहा जणांची फाशी कायम करणाऱ्या २००९ च्या निकालानेही. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तोच १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने रावजीचा निकाल कायद्याला सोडून आहे असे जाहीर केले. तेरा दिवसांचे अंतर! या सहा जणांची तारीख दोन आठवडे पुढे ढकलली गेली असती, तर त्या दाखल्याचा आधार तरी घेता आला नसता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिले की अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या तेरा जणांची शिक्षा कमी करावी. पी. बी. सावंत आणि ए. पी. शहा यांच्या त्यावर सह्या होत्या, आणि चुकीच्या निकालांत भोकरदनचा खटलाही त्यांनी धरला होता. त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली: या चुकीच्या रांगेतल्या दोघांना १९९६ आणि १९९७ मध्येच फाशी देऊन झाली होती. त्यांच्यासाठी पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तुरुंगांत जाऊन ३७३ कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. त्याच अभ्यासात असेही दिसले की २००० नंतरच्या दीड दशकात खालच्या कोर्टांनी ज्यांना फाशी दिली, त्यांतल्या पाच टक्क्यांहूनही कमी लोकांची फाशी शेवटपर्यंत टिकली. आणि सुमारे तीस टक्के लोक चक्क निर्दोष सुटले. शंभरांत तीस. तुरुंगाच्या फाशी यार्डात रांगेत बसलेल्या दहा माणसांतली तीन. २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात, दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध सोडून इतर सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करा, अशी शिफारस केली. ती तशीच पडून आहे.

दुसरी बाजूही मी रस्त्यावर पाहिली आहे आणि तिला हलके लेखायची माझी तयारी नाही. जुलै २०१६ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर जे झाले, त्यानंतर मराठवाड्यात लाखोंचे मूक मोर्चे निघाले. जालन्यातही निघाला. आरोपींना फाशी द्या, ही त्यातली पहिली मागणी होती. मोर्चात आया होत्या, शाळेच्या गणवेशातल्या मुली होत्या. त्यांचा संताप खरा होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टाने तिघांना फाशी सुनावली, तेव्हा लोकांना न्याय झाल्यासारखे वाटले. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केले, त्यातही बलात्काराच्या गुन्ह्याला फाशीची तरतूद होती आणि ते कोणत्याही पक्षाने अडवले नाही.

त्या आयांना माझे सांगणे एवढेच आहे की तुमचा संताप आणि भोकरदनच्या सहा जणांची गोष्ट या एकमेकींच्या विरोधात नाहीत. मुलीसाठी न्याय हवा असेल तर पहिली मागणी तपासाची हवी: ज्या चार चेहऱ्यांवर आई बोट ठेवते त्यांचा शोध घ्या. पंचनामा वेळेवर, रक्ताचे नमुने नीट, साक्षीदाराला संरक्षण, गरीब आरोपीला पहिल्या दिवसापासून चांगला वकील, आणि खटला वर्षानुवर्षे लांबू न देणे. ‘फाशी द्या’ ही घोषणा या सगळ्या मागण्यांची जागा एकटीच व्यापून टाकते, आणि सरकारला ती सर्वांत स्वस्तात पडते. विधेयक मंजूर करायला एक अधिवेशन पुरते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या रिकाम्या जागा भरायला पैसा आणि वर्षे लागतात.

गुन्हा सिद्ध होण्याबद्दल कसलीच शंका नसलेली प्रकरणे असतात, त्यांचे काय, असे विचारले जाईल. अजमल कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली, त्याच्या अपराधाबद्दल कोणाला शंका होती? नव्हती. पण कायदा एका कसाबपुरता लिहिता येत नाही. जी तरतूद त्याला लागू होते तीच, त्याच शब्दांत, पालात राहणाऱ्या मजुरालाही लागू होते, आणि ‘शंका नाही’ असे २००९ मध्येही वाटतच होते. हे मला पटलेले कारण आहे. जीव घेण्याचा हक्क राज्याला मुळातच नाही, असे मानणारे आहेत. सूड आणि न्याय यांतल्या फरकावरून बोलणारे आहेत. त्यांची मांडणी पुढच्या पानांत आहे आणि ती माझ्यापेक्षा खोल आहे. मी एका जिल्ह्याच्या अनुभवावरून बोलतो आहे.

तो अनुभव आज मांडायची निकड आहे, कारण कायदा नुकताच बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. फाशी कायम राहिली. काही नव्या गुन्ह्यांनाही ती लागली. मला जास्त काळजी वाटते ती सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ ची. न्यायालयातली दाद संपल्याचे तुरुंग अधीक्षकाने कैद्याला कळवले की दयेचा अर्ज करायला तीस दिवस. एकाच खटल्यात अनेक कैदी असतील तर सगळ्यांचे अर्ज साठ दिवसांत. राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या निर्णयाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अपील नाही. दयेच्या अर्जांवर वर्षानुवर्षे निर्णय होत नाहीत म्हणून ही मुदत आली, असे सांगितले जाते. पण २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः याच विलंबाला छळ मानून पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. त्या निकालाने उशिराची जबाबदारी सरकारवर टाकली. आता मुदतीचे ओझे कैद्याच्या खांद्यावर आले आहे.

तीस दिवसांत तुरुंगातल्या निरक्षर माणसाने काय करायचे? मराठी नीट न वाचता येणाऱ्याने इंग्रजी निकालपत्र समजून घ्यायचे, वकील शोधायचा, भोकरदनला निरोप धाडायचा, घरचे ऊसतोडीला गेले असतील तर कारखान्याचा पत्ता काढायचा, शाळेचा किंवा जन्माचा दाखला मिळवायचा, आणि आपल्या खटल्याच्या कागदांत कुठेतरी एका अल्बमची नोंद आहे, हे कोणाच्या तरी नजरेस आणून द्यायचे. ती नोंद न्यायालयाच्या नजरेस यायला या सहा जणांच्या बाबतीत अटकेपासून सोळा वर्षे लागली.